हनुवटी कुणाच्या घरची?

पंचवटीच्या भाजीबाजारात मखमलाबादची सरुबाई तिडके कुठे बसते, हे कुणाला विचारावं लागत नसे. बाजाराच्या तोंडाशी आलं की तिचा आवाज कानावर यायचा. त्या आवाजाच्या रोखाने चालत गेलं की मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर आणि त्यांच्या मधोमध पाय दुमडून बसलेली सरुबाई दिसायची. नवरा वाळू मळ्यात भाजी पिकवायचा, काढायचा, धुऊन जुड्या बांधून टेम्पोत चढवायचा. विकायचं आणि बोलायचं काम सरुबाईचं. वाळू दिवसभरात दहा वाक्यं बोलत असेल नसेल. घराला लागणारी उरलेली सगळी ती बोलायची.

मुलगा भारत सातपूरच्या एका कारखान्यात पाळ्यांवर जायचा. सून मनीषा सिन्नरची. सासू बोलणारी, सून ऐकणारी, असा दोघींचा संसार चालला होता. एक्क्याण्णव साली पहिली नात झाली, भाग्यश्री. सरुबाईने गल्लीभर पेढे वाटले. पण पोरीला दुधाचे दात आले तसं एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांत भरायला लागली. इतरांचे वरचे दात खालच्या दातांवर झाकणासारखे बसतात. हिचे खालचेच वरच्यांच्या पुढे. हनुवटी पुढे, वरचा ओठ आत. पेरू हातात दिला तर पोरगी समोरून चावत नसे. मान वाकडी करून दाढांनी कोपरा तोडायची.

"हे आमच्यातलं नाय," सरुबाईने पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला. "हे सिन्नरकडनं आलंय. मामाचे दात बघा, राजूचे. कसे भायेर आलेत!"

मनीषाच्या भावाचे, राजूचे, दात बाहेर होते हे खरंच होतं. त्यामुळे मनीषाला बोलायला जागा नव्हती. तिचे स्वतःचे दात सोललेल्या लसणीच्या पाकळ्यांसारखे एका ओळीत होते, पण ते कोण बघतो?

तीन वर्षांनी स्वराज झाला. त्याच्या बारशाला मनीषाची आई तानुबाई सिन्नरहून आली. बायका जेवत असताना सरुबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "इहीनबाई, पोरगी गुणाची दिली तुम्ही. पण तो जबडा तेवढा घरी ठिवून घ्यायचा व्हता."

पंगत खो खो हसली. तानुबाईने हातातली पुरी ताटात ठेवली, हात धुतला आणि दुपारच्या एसटीने परत गेली. नंतर ती मखमलाबादला आली नाही. आपण काही फार वाईट बोललो असं सरुबाईला वाटलं नाही. बाजारात ती याच्याहून तिखट बोलायची आणि गिऱ्हाइकं हसून पिशवी पुढे करायची. मनीषा मात्र त्या दिवसापासून घरात आणखीच कमी बोलायला लागली.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत भाग्यश्रीच्या शाळेत दातांची तपासणी झाली. पोरगी तिसरीत होती. तिच्या हातात चिठ्ठी आली: जबड्याच्या वाढीचा प्रश्न आहे, तज्ज्ञांना दाखवा. मनीषा न्यायला निघाली, तर सरुबाईने तिला थांबवलं. "मी जाते घेऊन." खरं सांगायचं तर तिला डॉक्टरच्या तोंडून एकदा ऐकायचंच होतं, की हे सिन्नरचं आहे.

पंचवटीतच एका जिन्यावर डॉ. गायधनींचा दवाखाना होता. तिशीची, चष्मेवाली, शांत बाई. वेडेवाकडे दात आणि जबडे सरळ करायचं शिक्षण घेऊन आलेली. तिने भाग्यश्रीला खुर्चीत बसवलं, तोंड उघडायला लावलं, मिटायला लावलं, बाजूने बघितलं.

"मावशी, घरात आणखी कुणाचं असं आहे?"

"आमच्यात? छ्या! सुनेच्या माहेरचं हाय हे. हिच्या मामाचे दात असे भायेर हायेत."

"वरचे की खालचे?"

"वरचे."

"मग ते उलट झालं की," डॉक्टर म्हणाली. "मामाचे वरचे दात पुढे आहेत. हिचा खालचा जबडा पुढे आहे, आणि वरचा थोडा आखूड. ही दोन टोकं आहेत. मामावर गेली असती तर हनुवटी अशी दिसली नसती."

सरुबाई क्षणभर गप्प झाली. ही घटना इतकी दुर्मीळ होती की भाग्यश्रीने तोंड उघडं ठेवूनच मान वळवून आजीकडे बघितलं.

"म्हणजे असं घरातनंच येतं?"

"हा उलटा चावा बऱ्याचदा घरातूनच येतो. नाक येतं, उंची येते, तशी जबड्याची ठेवण येते. एका घरात चौघांना येईल, पाचव्याला येणार नाही. रविवारी सगळ्यांना घेऊन या. मला बघायचं आहे."

रविवारी तिडके मंडळी झाडून जिना चढली. डॉक्टरने एकेकाच्या तोंडात थंडगार गुलाबी लगदा भरलेला साचा बसवला आणि तो घट्ट होईपर्यंत धरून ठेवला. भारतला मळमळलं, डोळ्यांतून पाणी आलं. वाळूने मळ्यात उभं राहावं तितक्या शांतपणे तोंड उघडं ठेवलं. साडेचार वर्षांच्या स्वराजने लगद्याची चव विचारली, "आइस्क्रीमची आहे का?" आणि चव कळल्यावर उरलेला लगदा थुंकून टाकला. सरुबाईची पाळी आलीच नाही. मिश्रीच्या नादाने तिचे दात पंचेचाळिशीतच गेले होते. आता तोंडात कवळी होती.

पुढच्या रविवारी टेबलावर प्लास्टरचे पांढरे दात ओळीने मांडलेले होते, जोडीजोडीने, प्रत्येकाखाली नाव. सगळे वाकून बघायला लागले.

"ही बघा कमान," डॉक्टरने एक साचा उचलला. "दात ज्या गोलाईत उभे असतात ती. ही किती रुंद आणि गोल आहे! प्रत्येक दाताला जागा आहे. वरचे खालच्यांवर अगदी बरोबर बसलेत. मी विद्यार्थ्यांना दाखवायला अशीच कमान शोधत असते."

"कुणाची हो?" सरुबाईने विचारलं.

"तुमच्या सुनेची."

मनीषाने खाली बघितलं. पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्याचं सरुबाईला दिसलं.

मग डॉक्टरने भारतचा साचा भाग्यश्रीच्या शेजारी ठेवला. दोघांचीही वरची कमान अरुंद, टाळू उंच. भारतचे पुढचे दात एकमेकांच्या टोकाला टोक लावून उभे, म्हणजे अर्ध्या वाटेवर थांबल्यासारखे. दाढीमुळे आजवर ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. "पोरीकडे हे बाबांकडून आलंय, तिच्यात जरा जास्त उतरलंय. आता बाबांकडे कुठून आलं?"

सगळ्यांनी वाळूच्या साच्याकडे बघितलं. म्हाताऱ्याचे चार दात कमी होते, पण चावा सरळ होता. मग सगळ्यांनी सरुबाईकडे बघितलं.

"माझ्याकडं काय बघता? माझी बत्तिशी एकदम सरळ हाय!"

"ती कारागिराने सरळ लावलीय, मावशी," डॉक्टर हसून म्हणाली. "तुमचे सख्खे भाऊ, बहीण कुणी आहेत?"

होता. बारकू, जानोरीला, गुलाबाची शेती करणारा. त्याला निरोप गेला आणि तो डॉक्टरसाठी गुलाबांचा भारा घेऊनच आला. जिन्यावरून त्याची हनुवटी आधी वर आली आणि मागून बारकू, असं भारत नंतर सांगायचा. सरुबाईने भावाला लहानपणापासून बघितलं होतं, पण तो तिच्या दृष्टीने बारकू होता; त्याच्या तोंडाला काही ठेवण आहे असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं.

"मावशी, जरा कवळी काढा. आणि दोघं बाकावर बसून खिडकीकडे बघा."

सरुबाईने नाइलाजाने कवळी काढून रुमालात धरली. खिडकीच्या उजेडात बहीणभावाचे दोन चेहरे बाजूने दिसले. तेच कपाळ, तोच आत बसलेला वरचा ओठ, खाली तीच हनुवटी, खुरप्यासारखी पुढे आलेली. सरुबाईची तशी दिसायची तेव्हा लोकांना वाटायचं, दात गेले की म्हाताऱ्यांची हनुवटी पुढे येतेच. डॉक्टरने भाग्यश्रीला उचलून दोघांच्या शेजारी बसवलं. आता तशा हनुवट्या तीन झाल्या.

 दवाखान्यात एक हसू फुटलं, आधी दबकं, मग मोकळं, मग आवरेनासं. मनीषा हसत होती. तोंडावर पदर नाही, काही नाही. लग्न होऊन आल्यापासून तिचं असं हसणं या घराने ऐकलं नव्हतं.

सरुबाईने आरसा मागितला. उभं राहून, वाकून, तिरपं होऊन बघितलं. बारकूकडे बघितलं. नातीकडे बघितलं. मग ती बोळक्या तोंडाने म्हणाली, "अगं बाई. हा तर माझाच माल!"

आणि तीही हसायला लागली.

घरी येताना वाळू रिक्षात तिच्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "मला ठाव व्हतं."

"काय ठाव व्हतं?"

"तुला बघायला आलो तव्हाच दिसलं व्हतं. पुढं हनुवटी. मला बरी वाटली."

"मंग इतकी वर्सं बोलला का नाय?"

"तू बोलू कुठं देती?" वाळू म्हणाला, आणि त्या दिवसाची त्याची वाक्यं संपली.

हसणं झालं, पण रात्री सरुबाईने अर्धी भाकरी ताटातच ठेवली. बारशाची पंगत तिला आठवत होती. तानुबाईच्या हातातली ती पुरी आठवत होती. दोन दिवस तिने बाजारात भाजी विकली, पण तिचा आवाज पार बाजाराच्या तोंडापर्यंत पोचला नाही. तिसऱ्या दिवशी तिने टोपलीत फ्लॉवरचे चार गड्डे आणि मेथी भरली, मनीषाला म्हणाली, "चल, तुझ्या माहेरी जाऊ," आणि दोघी सिन्नरच्या एसटीत बसल्या.

तानुबाई अंगणात डाळ निवडत होती. विहिणीला बघून उठली नाही. सरुबाई सरळ तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"इहीनबाई, जबडा माझ्या माहेरचा निघाला."

तानुबाईचा हात डाळीत थांबला. "काय निघाला?"

"जबडा. डाक्टरनं छापे काढले सगळ्यांचे. तुमच्या पोरीचे दात एक नंबर हायेत, इद्यार्थ्यांना दाखवायच्या लायकीचे. खोट माझ्यात. मी चार लोकांत तुम्हाला बोलले, आता चार लोकांत सांगते. बोलवा कुणाला बोलवायचं ते."

तानुबाईने खरंच शेजारच्या दोघींना हाक मारली. सरुबाईने त्यांच्यासमोर सगळं पहिल्यापासून सांगितलं, वर कवळी काढून हनुवटीही दाखवली. सांगता सांगता तिला इतका रंग चढला की शेजारणी हसून हसून डोळे पुसायला लागल्या. तानुबाई बराच वेळ ओठ दाबून बसली होती. मग तिलाही राहवेना. "उठा आता," ती म्हणाली, "चहा टाकते." त्या दिवशी दोघी मुक्कामालाच राहिल्या.

भाग्यश्रीचे उपचार मार्चमध्ये सुरू झाले. तोंडात टाळूला एक प्लेट, आणि बाहेर चेहऱ्यावर एक सांगाडा: कपाळाला एक गादी, हनुवटीला एक वाटी, मध्ये सळई, आणि सळईपासून प्लेटपर्यंत दोन रबरं. आखूड राहिलेल्या वरच्या जबड्याला पुढे ओढायचं काम त्या रबरांचं. "हिचं वय आठ आहे म्हणून हे शक्य आहे," डॉक्टर म्हणाली. "हाडं अजून ऐकतात. पण शाळा सोडून रोज बारा-चौदा तास लावायला हवं."

पहिल्या दिवशी भाग्यश्री तो घालून अंगणात गेली आणि पाच मिनिटांत रडत परत आली. गल्लीतली पोरं तिला हेल्मेट म्हणाली होती. सरुबाईने पदर खोचला आणि पोरांची खरडपट्टी काढायला निघाली, तर मनीषाने तिला दारातच थांबवलं.

"थांबा, आत्याबाई." मग ती पोरीजवळ बसली. "हेल्मेट कोण घालतं गं?"

"कीपर," भाग्यश्री हुंदके देत म्हणाली. विश्वचषक तोंडावर आला होता. त्या वर्षी गल्लीत क्रिकेटशिवाय दुसरा विषय नव्हता.

"मग सांग जाऊन त्यांना."

भाग्यश्रीने डोळे पुसले, आणि बाहेर जाऊन सांगितलं की हेल्मेट तिच्याकडे एकटीकडेच आहे, तेव्हा कीपर ती.  सगळा उन्हाळा ती स्टंपांमागे उभी राहिली. डॉक्टरला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला आणि चेंडू प्लॅस्टिकचाच पाहिजे, अशी ताकीद दिली.

डिसेंबरात एके दिवशी सगळे ओट्यावर झेंडूच्या माळा करत बसले होते. भाग्यश्रीने माळ ओवून संपवली आणि दोरा पुढच्या दातांत धरून कटकन तोडला. पुढची माळ घेतली. कुणीतरी म्हणेपर्यंत तिला स्वतःलाही कळलं नव्हतं. आजवर दोरा तोडायला ती आईकडे द्यायची. सरुबाईने तिला आणखी सहा दोरे तोडायला लावले.

स्वराजचं प्रकरण वेगळं होतं. त्याचे पुढचे दात मिटतच नव्हते. दाढा मिटल्या तरी समोर गोल भोक राहायचं. "हेबी माझ्याच माथी लिवा," सरुबाई डॉक्टरला म्हणाली. "जानोरीचंच असणार."

"नाही हो. याची कमान आईसारखी आहे, छान रुंद," डॉक्टर म्हणाली. "हे कुणाच्याच माहेरचं नाही." तिने स्वराजचा प्लास्टरचा साचा त्याच्या हातात दिला. "तुझा अंगठा घाल बघू यात."

स्वराजने उजवा अंगठा त्या भोकात घातला. तो तंतोतंत बसला. पोरगा एकदा अंगठ्याकडे, एकदा साच्याकडे बघत राहिला. रोज झोपताना तोच अंगठा त्याच्या तोंडात असायचा. त्याला कुणी रागावलं नाही, अंगठ्याला काही कडू लावलं नाही. दोन महिन्यांत त्याने तो आपणहून सोडला, आणि वर्षभरात ते भोक हळूहळू मिटत गेलं.

आता सरुबाईला एक नवाच नाद लागला. बाजारात आईबरोबर लहान पोर आलं की ती गाजर पुढे करायची. "चाव बघू." पोर समोरून चावलं तर गाजर त्याचं. मान वाकडी करून चावलं तर आईला डॉक्टरचा पत्ता. सगळ्याच आयांना हे रुचायचं असं नाही. एकदोघींनी तिच्याकडून भाजी घेणं सोडलं. पण काही जणी खरंच जिना चढून गेल्या.

दोन हजार तीन साली डॉक्टरने विचारलं, जानोरीला जाऊन तुमचं सगळं माहेर एकदा बघता येईल का? लहान पोरं वेळेत सापडली तर बरं. सरुबाई वाटच बघत होती. देवळाच्या सभामंडपात तिने पन्नासेक माणसं गोळा केली. डॉक्टरने भिंतीवर कागद लावला: पुरुषाला चौकोन, बाईला गोल, हनुवटी पुढे असेल तर आतून रंगवायचं. सरुबाई बसल्या जागेवरून सांगायला लागली. आपला आजा जयराम, त्याच्या दोन बायका, त्यांची नऊ पोरं, कोण कुठे दिली, कुणाला काय झालं, कोण कुणासारखं दिसायचं. कुठे अडली नाही, कुठे चुकली नाही. कागद संपला. जुन्या कॅलेंडरांची पानं उलटी करून चिकटवली, तीही संपली.

"मावशी, थांबा, मला लिहू द्या," डॉक्टर घामाघूम झाली होती.

पाच पिढ्या भिंतीवर उभ्या राहिल्या, आणि रंगवलेले चौकोन-गोल जयरामपासून खाली ओघळत आल्यासारखे दिसले. एखादी पिढी मध्येच कोरी राहायची आणि पुढच्या पिढीत रंग पुन्हा उमटायचा.

मैना नावाची सरुबाईची ऐंशीची चुलतबहीण हे सगळं बघत होती. ती म्हणाली, "पर बिघडलंय काय? ह्याच जबड्यानं मी जलमभर भाकरी खाल्ली."

"काही बिघडलेलं नाही, आजी," डॉक्टर म्हणाली. "चेहरा आहे तो, आजार नाही. ज्या पोरांना नीट चावता येत नाही, त्यांच्यापुरतंच."

अशी पोरं सहा निघाली. तिघांचं वय उपचाराचं होतं. ती तिघं पुढे दोन वर्षं जानोरीहून यायची तेव्हा सरुबाईच्या दुकानाशी थांबून, गाजर खाऊनच जायची.

भाग्यश्री चौदाव्या वर्षी झपाट्याने उंच झाली आणि त्या वाढीबरोबर तिचा खालचा जबडाही पुन्हा थोडा पुढे सरकला. वरचे दात खालच्यांच्या टोकावर येऊन टेकले. सरुबाईला वाटलं, सगळी मेहनत पाण्यात गेली. डॉक्टरने काही लपवलं नाही. "हे होऊ शकतं. जबड्याच्या वाढीला आपण वळण देतो; ती पूर्ण आपल्या हातात नसते. पण तेव्हा काही केलं नसतं तर आज बरंच जास्त असतं." मग दातांना तारा लागल्या, दोन वर्षं राहिल्या, निघाल्या.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात, भाग्यश्री अठरा वर्षांची झाल्यावर, डॉक्टरने शेवटचे फोटो काढले. आता वाढ थांबली होती. हनुवटी जराशी पुढे होती. "हवं असेल तर ऑपरेशनने ती मागे घेता येते," डॉक्टर म्हणाली. "मोठं असतं, पण होतं. तू ठरव."

मनीषा आणि सरुबाई दोघी बाकावर बसल्या होत्या. सरुबाईच्या ओठांवर दहा वाक्यं आली होती. ती तिने कशीबशी गिळली.

भाग्यश्रीने विचारलं, "मला सगळं चावता येतंय ना?"

"येतंय."

"बोलताना काही अडतंय?"

"तुझं? अजिबात नाही."

भाग्यश्री उठून भिंतीवरच्या आरशासमोर उभी राहिली. समोरून बघितलं, मग मान वळवून बाजूने. बराच वेळ. "मग राहू दे," ती म्हणाली. "मला चांगली दिसतेय."

डॉक्टरने फाइलवर तारीख टाकली, खाली सही केली आणि फाइल मिटून कपाटात ठेवली. तिघी जिना उतरल्या. बाहेर ऊन कडक होतं आणि भूक लागली होती. समोरच्या हॉटेलात तिघींनी मिसळ मागवली, आणि मनीषाने पोऱ्याला हाक मारून, चांगल्या खणखणीत आवाजात, आणखी रस्सा आणायला सांगितला.